कलाबाई घोडीवाली

सुरतेत तापीकाठच्या स्मशानातल्या कचेरीत कारकुनाने फॉर्म पुढे ओढला आणि मान वर न करता गुजरातीत विचारलं, "बा शुं काम करतां हतां?"

योगेंद्रने सांगितलं, "घरकाम."

त्याची मुलगी योगिता मागे भिंतीला टेकून उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती पुढे आली आणि म्हणाली, "घरकाम नाही, घोडीवाली लिहा. लग्नाची घोडी चालवायची ती. तीस वर्षं."

कारकुनाने आता मान वर केली. बापाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग कारकुनाने लिहिलं, काय लिहिलं ते योगिताला दिसलं नाही.

कलाबाई योगिताची आजी. पण बाप माय म्हणायचा म्हणून योगिताही तिला मायच म्हणायची. नवागामच्या गल्लीत मात्र तिला कलाबाई म्हणून कोणी ओळखत नव्हतं; तिथे ती बा, म्हणजे गुजरातीत आई. "घोडीवाली बा कुठे राहते?" असं विचारलं, की शेंबडं पोरही रेल्वे लाइनजवळच्या पत्र्याच्या शेडपर्यंत आणून सोडायचं.

तिचं माहेर सारंगखेड्याजवळचं, तापीच्या काठावरचं. दत्तजयंतीला तिथे घोड्यांची जत्रा भरते. दूरदूरचे व्यापारी शेकडो घोडे घेऊन उतरतात. कलाबाईचा बाप जत्रेत त्या घोड्यांना पाणी पाजायचं काम करायचा, आणि सहा-सात वर्षांची कला एका हातात एक, दुसऱ्या हातात एक अशी दोन दावी धरून घोडे नदीवर न्यायची. देवळात जाऊन एकमुखी दत्तापुढे डोकं टेकवायचं आणि मग दिवसभर घोड्यांच्या पायांत वावरायचं, हीच तिची जत्रा. एकाही घोड्याने तिला कधी लाथ मारली नाही. ती तिच्या अहिराणीत म्हणायची, "घोडाले कपट समजस. मनमा कपट नही ते तो काय करी?"

लग्न होऊन ती सुरतेला आली. नवऱ्याचं नाव दगा, तो कापडाच्या लूमवर कामाला होता. बारा-बारा तास त्या खटखटाटात उभं राहून त्याचे कान गेले, मग छाती गेली. रुईचा धुरळा आत बसला तो बसलाच. कलाबाई अडतीस वर्षांची असताना दगा खोकत खोकत संपला. मुलगा योगेंद्र तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि बाप गेल्याच्या पंधराव्या दिवशी तो बापाच्याच लूमवर उभा राहिला.

त्या वर्षी दत्तजयंतीला कलाबाई माहेरी गेली. जत्रेत एका व्यापाऱ्याची पांढरी घोडी होती. वाटेत टेम्पोत तिचा डावा डोळा फुटला होता. वेदनेने ती कोणाला जवळ येऊ देत नव्हती. दोघांना तिने चावा घेतला होता. गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकत नव्हतं. कलाबाई जाऊन तिच्या उजव्या बाजूला, तिला दिसेल अशी बसली. तीन दिवस नुसती बसून राहिली. चौथ्या दिवशी घोडीने तिच्या खांद्यावर तोंड टेकलं. जत्रा उठताना व्यापारी म्हणाला, "ले जाओ माई, मेरे किस काम की."

टेम्पोत चढायला घोडी तयार होईना, म्हणून कलाबाई तिला चालवत घेऊन निघाली. नंदुरबार, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत सात दिवसांनी ती सुरतेत पोचली. पायांना फोड, डोईवर गाठोडं, हातात दोर आणि मागे एका डोळ्याची घोडी. इंदुबाई, तिची मराठवाड्यातली शेजारीण, दारात भाकरी थापत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "अगं बाई, नवरा गेल्यावर माणसं देवदेव करतात. तू हे काय आणलंस?"

"देवनंच दिन्हं," कलाबाई म्हणाली.

पोटासाठी ती घोडी वरातींना नेऊ लागली. त्या धंद्यात पहिला खोडा घातला तो तिच्या कपाळाने. लिंबायतमधली पहिलीच वरात. नवरदेव घोडीवर बसला, बँडवाले सज्ज झाले आणि नवरदेवाची आत्या कडाडली, "कपाळ पांढरं असलेली बाई आमच्या पोराच्या पुढे चालणार? लग्न आहे का मयत?"

कलाबाईने कनवटीची पुडी सोडली. त्यात जेजुरीच्या खंडेरायाचा भंडारा होता. चिमूटभर घोडीच्या कपाळाला लावला, चिमूटभर स्वतःच्या. मग तिने दोर पुढे केला.

"नवरदेवना पुढे घोडी चालस, मी नही. ज्याले दोर धरना व्हई, त्यानी धरा."

दोघा-तिघांनी धरून पाहिला. घोडीने पाय रोवले ते रोवलेच. नवरदेवाचा फेटा सुटायची वेळ आली तेव्हा आत्यानेच तोंड फिरवलं. कलाबाई पुढे झाली, जिभेने टक् केलं आणि वरात निघाली. त्या दिवसापासून तिचं कपाळ रोज पिवळं असायचं, आणि पुढे पुढे तर लोक मुद्दाम सांगू लागले, की घोडीवाल्या बाचा भंडारा लागला की संसार टिकतो.

त्या घोडीला शिंगरू झालं, त्या शिंगराला पुढे शिंगरू झालं. ही तिसरी पिढी म्हणजे गवर. योगिता नऊ वर्षांची असताना गवर शेडमध्ये जन्मली. तिला उभं राहायला जमेना तेव्हा कलाबाईने तिला पोटाखाली दोन्ही हात घालून उचललं आणि योगिताला म्हणाली, "पाय धर तिन्हा. घाबरू नको, तुन्ही बहीणच शे." बहीण म्हटल्यावर योगिताने ते नातं खरंच धरलं. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी शेडमध्ये. गवरच्या मानेत तोंड खुपसलं की घामाचा, गवताचा आणि भंडाऱ्याचा मिळून एक वास यायचा.

कलाबाईचा दिवस ठरलेला. पहाटे अंघोळ, मग देव्हारा. देव्हाऱ्यात खंडेरायाचा चांदीचा टाक होता, घोड्यावर बसलेला देव. तो ती चिंचेने घासायची, पुसायची आणि तेच ओलं फडकं घेऊन शेडमध्ये जाऊन गवरचे डोळे पुसायची. देवाचं फडकं जनावराला लावते म्हणून सून शोभा कुरकुरायची. कलाबाई म्हणायची, "देव बठस ते घोडावरच ना?"

करोनाच्या टाळेबंदीत वराती बंद झाल्या. गल्लीतली अर्धी माणसं गावाला गेली. इंदुबाईही मुलांबरोबर परभणीला गेली ती परत आलीच नाही. योगेंद्रने तोवर लूम सोडून टेम्पो घेतला होता. तो कामरेजकडून उसाचं वाढं आणायचा आणि त्यावर गवर जगली. स्वतः कलाबाई दिवसाला एकच वेळ जेवायची. विचारलं तर म्हणायची, "उपास शे." कुठल्या देवाचा, ते कधी सांगितलं नाही.

एवढं सगळं निभावलं. मग गेल्या वर्षीचा चैत्र आला.

लग्नाचा हंगाम तोंडावर होता. गवरला सर्दी झाली. नाकातून पाणी यायचं, मग ते घट्ट झालं, पिवळं, चिकट. कलाबाईने ओव्याची धुरी दिली, हळद-गूळ दिला, खंडेरायाला नवस बोलली. आठ दिवसांनी गवर वैरण टाकून देऊ लागली. एका रविवारी योगिता तिला खरारा करत होती. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला तिच्या बोटांना गाठी लागल्या. एकाखाली एक, दोरीत मणी ओवावेत तशा. एक गाठ फुटून वाहत होती.

योगिता उधन्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. जनावरांचं तिला काही कळत नव्हतं, पण वाहती जखम काय असते ते कळत होतं. तिने मोबाइलवर शोधलं. ग्लँडर्स नावाचा रोग होता. घोड्यांना होतो, घोड्यापासून माणसाला होतो. त्याला औषध नाही. आणि रोग निघाला तर सरकारी नियमाने घोडं मारून टाकावं लागतं.

तिने वर पाहिलं. कलाबाई गवरचं नाक आपल्या पदराने पुसत होती. पुसून झालं की त्याच नाकाला गाल लावत होती.

"माय, लांब हो तिच्यापासून. मास्क लाव. डॉक्टरला दाखवू."

"सर्दी शे तिले. व्हई जाई बरी."

संध्याकाळी तिने बापाला सांगितलं. योगेंद्रने टेम्पोच्या चाकाला पाय लावून हवा पाहिली. मग म्हणाला, "उद्या डिंडोलीची वरात आहे. हंगाम जाऊ दे. मग बघू."

"पप्पा, वरातीत लहान लहान पोरं तिच्या तोंडाला हात लावतात."

"बघू म्हटलं ना." आणि मग हळूच, "तिला काही झालं तर माय जगेल का?"

सोमवारी लॅबमध्ये योगिताने एका बाळाचं रक्त काढलं. आईच्या मांडीवर ते किंचाळत होतं. काम संपलं, हातमोजे काढले आणि ती जिन्यात गेली. सरकारी जनावरांच्या दवाखान्याला तिने फोन केला. पत्ता सांगितला. नाव विचारलं तेव्हा तेही सांगितलं. डिंडोलीची वरात त्या दिवशी निघालीच नाही. तासाभरात डॉक्टर शेडवर पोचले होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुजराती. त्यांनी गवरचं रक्त घेतलं, शेडभोवती दोर बांधला, घोडी बाहेर काढायची नाही म्हणून बजावलं. घरातल्या सगळ्यांचंही रक्त घेतलं. नमुने बाहेरगावी गेले. अकरा दिवस कलाबाई दोराच्या बाहेर पाट टाकून बसून राहिली आणि गवर आतून तिच्याकडे बघत उभी राहिली. कलाबाईने त्या अकरा दिवसांत मल्हारीचं नाव सोडलं नाही. ओठ हलत राहायचे, आवाज नाही.

बाराव्या दिवशी निकाल आला. घरातल्या सगळ्यांचं रक्त स्वच्छ होतं. गवरचं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी शक्य तितक्या हळू समजावलं. कलाबाईला गुजराती चांगलं कळत होतं, तरी तिने योगिताकडे वळून विचारलं, "काय म्हणस ती?" योगिताने मराठीत सांगितलं. मग कलाबाई म्हणाली, "मन्हं रगत चांगलं निंघनं. तिन्हं काबर नही?"



दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माणसं आली. शहराबाहेर एका पडीक जागेवर जेसीबीने खड्डा खणून ठेवला होता. गवरला बंद गाडीतून तिथे न्यायचं होतं. पांढऱ्या कपड्यांत नखशिखांत झाकलेली चार माणसं शेडमध्ये शिरली, तशी गवर बिथरली. आजाराने तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, तरी तिने लाथ झाडली ती पत्रा फाडून गेली. दोनदा फास टाकला, दोनदा तिने तो झुगारला. नाकातून रक्त यायला लागलं.

"तिले कोन्ही हात लावू नका," कलाबाई उठली. "मी तिले बाहेर लई येस."

"बा, तमे नहीं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग दिवसभर असंच चालू द्या," योगिता मध्ये पडली. "ती दुसऱ्या कोणाच्या हाताने येणार नाही, मॅडम."

शेवटी कलाबाईलाही तो पांढरा पोशाख चढवला. टोपी, चष्मा, मास्क, दोन-दोन हातमोजे. अडुसष्ट वर्षांची म्हातारी त्यात पार हरवली. ती आत गेली. गवरने कान मागे पाडले आणि कोपऱ्यात सरकली. तिच्यासाठी ते आणखी एक पांढरं माणूस होतं.

कलाबाई दारात आली. मास्कमधून तिचा आवाज घोगरा येत होता.

"ती माले वळखत नही."

डॉक्टरीणबाईंनी योगिताकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला काहीतरी सांगायला पाठ करून उभ्या राहिल्या. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. कलाबाईने टोपी मागे सारली, चष्मा काढला, मास्क गळ्यावर ओढला. जिभेने टक् केलं.

"चाल माय, चाल."

गवर आली. मान खाली घालून, वरातीत यायची तशीच कलाबाईच्या अर्धं पाऊल मागून. गाडीच्या फळीवर कलाबाई आधी चढली आणि मग ती.

खड्ड्याजवळ आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. गवरचे पुढचे पाय हळूहळू दुमडले, जणू नवरदेवाला उतरवायला वाकते आहे. कलाबाईने कनवटीकडे हात नेला, पण पोशाखाच्या आतली कनवट काही हाताला लागेना. ती चाचपडत राहिली. योगिता खड्ड्याभोवती बांधलेल्या दोराच्या पलीकडे होती, तिला जाता येत नव्हतं. भंडारा तसाच राहिला आणि दुसरी सुई झाली.

वरून चुना टाकला, मीठ टाकलं. झूल, मोरखा, लगाम, शेडमधलं गवत, सगळं जाळलं. योगेंद्र त्या जाळाजवळ उभा राहून लहान मुलासारखा रडला. कलाबाई रडली नाही.

त्यानंतर पाहायला गेलं तर काहीच बदललं नाही. पहाटे अंघोळ, देव्हारा, टाक. पण योगिताने एकदा पाहिलं, टाक पुसताना मायचे डोळे मिटलेले होते. मग तिने रोज पाहिलं. रोज मिटलेलेच. देवाची पूजा ती सोडत नव्हती, पण त्याच्या घोड्याकडे बघत नव्हती.

श्रावणात कानबाईचा सण आला. खान्देशातली माणसं कुठेही असोत, कानबाईला एकत्र जमतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून रोटाचं दळण काढतात. कलाबाई दर वर्षी शेवटी एक मूठ गवरच्या नावाने टाकायची, आणि भाऊबंद हसून सोडून द्यायचे. या वर्षी तिने दीर-पुतण्यांच्या मुठी मोजल्या, योगेंद्रची मोजली आणि पुन्हा सुपात हात घातला. मूठ भरली. ती मूठ तशीच हवेत राहिली. सगळ्या बायका बघत होत्या. शोभाने पुढे होऊन सासूची बोटं एकेक करून उघडली आणि गहू परत सुपात सोडले.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा योगिता मायजवळ मागच्या ओट्यावर गेली. चार महिने तिच्या घशात अडकलेलं ती एका दमात बोलून गेली.

"माय, तो फोन मी केला होता."

कलाबाई पत्रावळी पुसत होती. तिचा हात थांबला नाही.

"माले माहीत व्हतं. पहिलाच दिन. त्या डॉक्टरीणनी तुन्हंच नाव लिन्हं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुन्हं चुकनं नही. कोनी पोरगं मरतं ते मी काय तोंड दाखाडती?" तिने पुसलेली पत्रावळ बाजूला ठेवली, दुसरी घेतली. "पन आते ते माले परत सांगू नको."

योगिता वाट पाहत बसली, की माय डोक्यावरून हात फिरवेल. माय दुसरी पत्रावळ पुसून तिसरीकडे वळली.

मार्गशीर्षात कलाबाई आपणहून म्हणाली, "सारंगखेडाले चाल." योगिताने रजा घेतली. एसटीने दोघी गेल्या. माहेरी आता कोणी ओळखीचं उरलं नव्हतं. दत्ताच्या देवळात कलाबाईने डोकं टेकवलं, उठायला वेळ लावला. मग त्या घोड्यांच्या बाजूला गेल्या. काळे, पंचकल्याणी, पांढरेशुभ्र. धूळ, हिणहिणाट, नाचणारे खूर. योगिताला वाटलं, आता माय पुढे होईल, कुठल्यातरी मानेवर हात ठेवेल आणि जरा तरी हलकी होईल. माय त्यासाठीच तर आली होती, असं तिला वाटत होतं.

कलाबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एक पांढरं शिंगरू, मालकाचा दोर ताणत, तिच्याकडे आलं. तोंड पुढे केलं. ती झटकन मागे सरली, इतक्या जोरात की पडता पडता वाचली.

"काय झालं माय? हात लाव ना."

"नही नही. मन्हा हातले काय चिकटेल व्हई, कोनले माहीत."

"अगं, तुझं रक्त स्वच्छ आलंय. आठ महिने झाले. काही नसतं आता."

"तुले काय माहीत," कलाबाई म्हणाली. शिंगरू अजून मान लांबवत होतं. ती आणखी दोन पावलं मागे गेली आणि मालकाला ओरडून म्हणाली, "खेच त्याले! दूर खेच!"

माणूस चकित होऊन बघत राहिला. कलाबाई पाठ फिरवून भरभर स्टँडच्या दिशेने चालू लागली. पदराच्या आत तिचे हात एकमेकांवर घासत होते, धुतल्यासारखे. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. नवापूर गेलं, सोनगड गेलं. सात दिवस चाललेला तो रस्ता एसटीने पाच तासांत मागे टाकला आणि ती एकदाही बाहेर बघून काही बोलली नाही.

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी शोभा चहा घेऊन गेली तेव्हा कलाबाई देव्हाऱ्यापुढे भिंतीला टेकून बसलेली होती. चहा निवला तरी तिने कप घेतला नाही. डॉक्टरने हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. योगिताला लॅबमध्ये फोन आला तेव्हा तिच्यासमोर एका माणसाने बाही वर करून हात पुढे केला होता. तिने त्याचं रक्त काढून घेतलं, बाटलीवर नाव लिहिलं आणि मग ती निघाली.

आता महिना झाला. शेडचे पत्रे योगेंद्रने उतरवले; तिथे तो टेम्पो उभा करतो. घरात कोणी योगिताला दोष देत नाही. तीही स्वतःला देत नाही. ती डिंडोलीची वरात, ती तोंडाला हात लावणारी पोरं तिच्या डोळ्यांपुढे येतात आणि तिला पक्कं ठाऊक असतं, की उद्या तशीच वेळ आली तर ती पुन्हा जिन्यात जाऊन तोच फोन करेल. फक्त रस्त्यात कुठे वरात लागली, की ती रिक्षावाल्याला दुसऱ्या गल्लीतून घ्यायला सांगते. ती गल्ली लांबची असली, तरी.